पंख्याची टकटक

जठारपेठ, अकोला
९ जून २०२४

चि. मनू हिस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको. आजकाल पोस्टमन दारात उभा राहिला की लोकं समजतात कोर्टाची नोटीस आली. माझी तब्येत ठीक आहे. डॉक्टरनं नरड्यातलं बोलायचं मशीन काढून घेतलं, तेवढं सोडून. गळ्याच्या भोकातून श्वास घेतो, त्यावर सुती रुमाल बांधतो. प्राजक्ता शाळेत शिकवायले गेली की घरी मी अन् पंखा. मोबाईलवर मेसेज लिहाचा म्हटलं तं माझी बोटं जाड, एका अक्षरावर तीन दाबल्या जातात. म्हणून पेन घेतला. जन्मभर एस.टी. स्टँडवर भोंग्यातून 'मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती' पुकारलं, अन् आता कुत्र्याले हाड म्हणता येत नाही. तंबाखूच्या खर्र्यानं वाटोळं केलं हे मले समजते. तू पुन्हा सांगू नको.

आता कामाचं. प्राजक्तानं माझ्या मोबाईलवर नेटवरून फोन लावाचं ॲप टाकून देल्लं. नेटवर फोन फुकट असते असं सारे म्हणतात. मंग माझा रिचार्ज काहून संपून राहिला? नेटचा रोजचा कोटाही दुपारीच खलास होते. प्राजक्ता शेवटी लेकच, बोलत नाही काही, पण रिचार्ज मारताना माझ्याकडे पाहते. तू टेलिफोन एक्स्चेंजमधी साऱ्या जिल्ह्याच्या तारा जोडल्या. हा खर्च कुठून लागते अन् कमी कसा होते, ते मले समजेल असं लिहून धाड.

जावयाले जयभीम. तुझ्या गुडघ्याले तेल लावत जा. उत्तराची वाट पाहतो, अन् मले आता वाट पाहण्याशिवाय दुसरा धंदाही नाही.

तुझा दादा,
खुशाल


रुक्मिणीनगर, अमरावती
१५ जून २०२४

ती. दादास,
मनूचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडली, मंग हसली, अन् मंग टेलिफोनवाली झाली. तुझं अक्षर अजूनही स्टँडच्या पाटीसारखंच, मोठं अन् तिरपं.

ऐक आता. नेटचा फोन दोन जातीचा असते. तुझ्याकडे जे ॲप आहे तेच समोरच्याकडे असलं अन् त्यानं ते उघडून ठेवलं, तं बोलणं नेटवरच्या नेटवर होते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त नेट जाते. पण तू ॲपवरून कोणाच्या साध्या नंबरावर फोन लावला, तं तुझा आवाज काही अंतर नेटवरून जाते अन् शेवटी त्या नंबरवाल्या कंपनीच्या दारात उभा राहते. ती कंपनी दाराचे पैसे घेते. नंबर परदेशातला असला तं जास्त. अन् मिनिट सुरू झालं की ते पूर्ण मोजते, तू एक श्वास घेऊन फोन ठेवला तरी. आमच्या ट्रंक कॉलच्या वेळीही असंच होतं, लोकं आमच्याशीच भांडत.

म्हणून उपाय एकच. ज्याले तू फोन लावते त्याच्याकडेही तेच ॲप टाकायले सांग. खर्च बंद.

पण दादा, एक गोष्ट मले उमजून नाही राहिली. तुले बोलता येत नाही. प्राजक्ता तं घरातच राहते. मंग तू फोन लावते तरी कोणाले, अन् तिथं बोलते तरी कोण? मी पस्तीस वर्षं लोकांचे कॉल जोडले, मुक्या माणसाचं बिल वाढलेलं काही पाह्यलं नाही. खरं खरं लिही.

अन् तो पंखा दुरुस्त कर रे बाप्पा. मागच्या वेळी आली तं रात्रभर टकटक करून त्यानं माझं डोकं उठवलं. वहिनी होती तेव्हापासून तसाच आहे.

पथ्य पाळ, रागावू नको. माया आहे म्हणूनच विचारते.

तुझी मनू


जठारपेठ, अकोला
२३ जून २०२४

चि. मनू हिस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पक्की टेलिफोनवाली, तुझ्यापासून लपत नाही. ललितले लावतो.

तुले सारं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण आता लिहिलं तरच बोलल्यासारखं वाटते. सुंदरा गेली तेव्हा पोराचं विमान उशिरा आलं. न्यूझीलंडहून यायचं म्हणजे काही तिवश्याहून यायचं नाही, हे आज समजते. तेव्हा समजलं नाही. पोरगा आला तेव्हा माय राख झाली होती. मी त्याच्याशी बोललो नाही. तो सुंदराच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत राह्यला, माझ्यासमोर चहा ठेवत होता, मी चहा पेत होतो अन् बोलत नव्हतो. आपल्या घराले भांडता येतच नाही मनू, अबोला धरता येते. आपल्या बापानं डोमाजीकाकासोबत मरेपर्यंत धरला होता. निघताना ललितनं जोडे घालता घालता सांगतलं, की बाबा, आता मी नाही बोलणार, पहिला शब्द तुमचा पायजे, ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी फोन करा, मी उचलीन. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली केला नाही.

शब्द द्यायचा होता, मनू. आज देतो, उद्या देतो करत राह्यलो, अन् मंग नरडंच गेलं.

आता दुपारच्या जेवणाच्या आधी, तिकडं संध्याकाळ असते तेव्हा, त्याचा नंबर लावतो. तो उचलते. नाव सांगते, हॅलो म्हणते, थोडं थांबते, पुन्हा हॅलो म्हणते, अन् ठेवून देते. तेवढा आवाज ऐकतो अन् मंग मले जेवण जाते. तू म्हणते त्याच्याकडे ॲप टाक. ॲपवर माझं नाव दिसते ना वो. नाव पाहून त्यानं उचललाच नाही तं? अनोळखी नंबर समजून तरी उचलते.

दवाखान्यातली बोलणं शिकवणारी बाई म्हणे, हवा गिळायची अन् ढेकरीसंग वर आणताना शब्द काढायचा. 'प' अन् 'ट' आधी जमतात म्हणे, 'ल' लय कठीण. म्हणून ललित नाही, मी 'पोट्ट्या' शिकून राहिलो. लहानपणी तेच म्हणत होतो त्याले. निघाला की फोनवर तोच पहिला शब्द देईन. तोवर त्याले माझ्या दुखण्याचं काही सांगायचं नाही. प्राजक्ताले सुंदराची शपथ घातली, तुलेही घालतो. दया येऊन आलेला पोरगा मले नाही पायजे. शब्द मागितला त्यानं, शब्दच देईन.

फक्त खर्च कमी कर, म्हणजे अजून लावता येईल.

लिहिलेलं फाडून टाकजो, मले मात्र फाडू नको.

तुझा दादा


रुक्मिणीनगर, अमरावती
२९ जून २०२४

ती. दादास,
मनूचा सविनय जयभीम. वि. वि.

मी तुले काय म्हणू? ललित माझ्या घरी राहून इंजिनिअर झाला. अजूनही सणाले मले फोन करते अन् शेवटी, जोडे घातल्यावर काही आठवावं तसं, विचारते की बाबा कसे आहेत. मी ठीक आहेत म्हणते अन् फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटते. तुझी शपथ खोटी, तुझा हट्ट खोटा, पण वहिनीचं नाव घेतलं म्हणून माझं तोंड बंद. तू लवकर बोल, दादा. एवढंच मागते.

आता खर्चाचं. एक, त्या ॲपवर एकाच देशाचं पॅक मिळते. महिन्याचं घे, सुट्या मिनिटापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. प्राजक्ताले न्यूझीलंड सांगायचं नसलं तं रिचार्जच्या दुकानातून घेऊन टाक. दोन, नेट वाचवायचं. ॲपच्या सेटिंगमधी 'बचत' म्हणून एक बटण आहे. ते सुरू केलं की आपल्या बाजूनं कोणी बोलत नसते तेव्हा ॲप काहीच पाठवत नाही, अन् घरातली खरखर गाळून टाकते. तू तं नुसता ऐकते. मंग तुझ्या त्या पंख्याची टकटक समुद्रापलीकडे धाडायची काय गरज आहे? फुकटचं नेट जळते.

बटण सापडलं नाही तं लिही. पण सापडेल, तुले स्टँडवरच्या साऱ्या गाड्या सापडत होत्या.

पोट्ट्या म्हणायची प्रॅक्टिस सोडू नको. इकडं मीही आरशासमोर हवा गिळून पाह्यली, नुसती ढेकर आली, हे विचारत होते काय जेवली म्हणून.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
मनू


जठारपेठ, अकोला
२१ जुलै २०२४

चि. मनू हिस,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

वा रे टेलिफोनवाली! बटण सापडलं, पॅकही घेतलं. रिचार्ज निम्म्यावर आला, नेट संध्याकाळपर्यंत पुरते. प्राजक्तानं विचारलं बाबा फोन बंद केला काय. मी पाटीवर लिहिलं, आत्या हुशार आहे. आता सकाळीही लावतो, जेवणाआधीही लावतो. आधी ललित बराच वेळ थांबायचा, आता लवकर ठेवते, कामात असेल. थंडीचे दिवस आहेत म्हणे तिकडं.

पण खरी बातमी वेगळीच आहे. काल प्राजक्ता स्वयंपाकघरात दूध तापवत होती. मी इकडं खाटेवर बसून हवा गिळली अन् म्हटलं, पोट्ट्या. निघाला! आवाज कसला, दगडावर सायकल ओढल्यासारखा, पण अक्षर न् अक्षर निघालं. प्राजक्ता तशीच धावत आली, दूध पार उतू गेलं, गॅस विझला. तिनं पुन्हा म्हणायले लावलं. मी पुन्हा म्हटलं. मंग ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, अन् मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आणखी एकदा म्हटलं, तिले नाही, हवेतच.

बाई म्हणाली घाई करू नका, थकवा आला की शब्द विरतो. म्हणून पंधरा दिवस पक्का करतो. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी त्याले सुटी असते. त्या दिवशी देतो त्याले त्याचा शब्द.

मले सुंदराची लय आठवण येऊन राहिली. तिनं ऐकलं असतं तं म्हणाली असती, आता सुचलं काय तुमाले.

तुझ्या नातवाले पापा. माझ्यासाठी एक डबा पुरणाचा बनवून ठेव, बापलेक दोघं येतो खायले.

तुझा बोलता दादा


जठारपेठ, अकोला
५ ऑगस्ट २०२४

चि. मनू हिस,
जयभीम.

काल लावला. त्यानं उचलला. नाव सांगतलं, हॅलो म्हटलं. मी हवा गिळली अन् म्हटलं. चांगला निघाला, मनू, घरात निघते त्यापेक्षा चांगला. त्यानं पुन्हा हॅलो म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. मंग तिसऱ्यांदा, 'ये' पण म्हटलं त्याच्यामागे.

त्यानं विचारलं, की बाबा तुम्हीच ना, कधीपासूनच माहीत आहे मले. अन् मंग म्हणे, अजूनही अबोलाच धरायचा असेल तं फोन करून काहून धरता, आता नका करू. ठेवून देला. संध्याकाळी लावला, आज सकाळी लावला, लागत नाही. नंबर बंद करून टाकला त्यानं माझा.

त्याले शब्द पायजे होता, देला. ऐकूनही म्हणते अबोला. असा शब्द नको असेल त्याले, असल्या नरड्याचा. बरोबरच आहे. कोणाले पायजे?

प्राजक्ताले सांगतलं नाही. तू पण काही करू नको. पॅकचे दिवस उरले आहेत, वाया जातील, जाऊ दे.

आता लिहायले काही नाही.

खुशाल


रुक्मिणीनगर, अमरावती
९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
मनूचा जयभीम.

दादा, हे पत्र उभ्यानं वाचू नको, खाली बस. त्यानं तुझा शब्द ऐकलाच नाही. ऐकून नाही म्हटलं नाही त्यानं, त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. ते बटण, बचतीचं. ते माणसाचा आवाज ओळखते अन् बाकीची खरखर गाळते. तुझा आता जो आवाज आहे तो त्या बटणाले माणसाचा समजला नसेल. त्यानं गाळून टाकला, मी तुले तेच तं लिहिलं होतं, खरखर गाळते म्हणून. माझ्या ध्यानात कसं आलं नाही? जन्मभर कानाले हेडफोन लावून बसली, समोरच्याले ऐकू येते का हे आधी विचारावं ही आमच्या ट्रेनिंगची पहिली ओळ होती. ज्याचा आवाज जगातून गेला त्याले मी सांगतलं तुझी खरखर पाठवू नको.

तू बटण बंद कर. आत्ता, पत्र खाली ठेवून. ललितचा नंबर लागला नाही तं मी लावून देते. शपथ गेली खड्ड्यात, वहिनी मले माफ करेल, तुझ्यापेक्षा ती शहाणी होती. रविवारी रक्षाबंधनासारखी सकाळच्या गाडीनं येते, तुझ्यासमोर त्याले फोन लावते, अन् तू बोल.

लय बोल, दादा. खर्चाची चिंता करू नको.

तुझी मनू


जठारपेठ, अकोला
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्यास,
ललितचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं शेवटचं पत्र मी वाचलं. माझ्या नावाचं नव्हतं, पण ज्यांच्या नावाचं होतं ते शनिवारी दुपारी पेपर छातीवर ठेवून झोपले ते उठलेच नाहीत, आणि पोस्टमन मंगळवारी आला. घर माणसांनी भरलेलं होतं, कोणीतरी पत्र टीव्हीवर ठेवून दिलं. तू रविवारी सकाळच्या गाडीनं त्यांना बोलतं करायला निघाली होतीस आणि मातीला आलीस, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढे दिवस घरात तू माझ्याकडे पाहायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं, आत्याही रागावली, या वेळी पण उशिरा आलो म्हणून. तू अमरावतीला गेल्यावर पत्र उघडलं. मग प्राजक्तानं बाकीची काढून दिली आणि सगळं सांगितलं.

आत्या, ते बाबा आहेत हे मला पहिल्याच फोनला कळलं होतं. पलीकडून पंख्याची टकटक ऐकू येत होती. त्या पंख्याखाली मी बारावी केली, तो आवाज मी जगात कुठेही ओळखेन. त्याच्यामागे गल्लीतला भाजीवाला, कधी बाजूच्यांचा कुकर, आणि एक फुसफुस असायची. मला वाटायचं बाबा रागानं श्वास घेऊन राहिलेत. ते गळ्यातून येत होतं हे मला कोणी सांगितलं नाही. मी दोनदा हॅलो म्हणायचो ते नुसतं निमित्त. ऑफिसमधून निघताना गाडीत बसून मी आपलं घर ऐकायचो. रडायला यायला लागलं की ठेवून द्यायचो. बाबा बोलत नाहीत, पण दार तरी उघडं ठेवतात, असं वाटायचं. मी पण कुठे बाबा म्हटलं त्यांना? मीही तुमच्याच घरातला.

आणि जुलैपासून एकदम काहीच येईना. पंखा नाही, भाजीवाला नाही. मला वाटलं बाबांनी फोनवर हात ठेवायला सुरुवात केली, घराचा आवाजही मला द्यायचा नाही असं ठरवलं. तरी उचलत राहिलो. त्या रविवारी मला राहवलं नाही. मी जे बोललो ते तू वाचलंच आहेस.

काल मी त्यांच्या मोबाईलवरून माझा नंबर लावून तो खाटेवर ठेवला, पंखा लावला आणि माझा फोन कानाला लावून मागच्या अंगणात उभा राहिलो. काही नाही. विहिरीत कान घातल्यासारखं. मग आत जाऊन ते बटण बंद केलं आणि पुन्हा अंगणात आलो. टकटक, टकटक, सगळं आलं. प्राजक्ताला म्हटलं, बाबा तो शब्द कसा म्हणायचे ते तू ऐकलंयस, एकदा म्हणून दाखव. तिनं हवा गिळली, तोंड उघडलं, पण तिला जमलं नाही. आम्ही दोघं तिथंच पायरीवर बसून रडलो. जगात मला पोट्ट्या म्हणणारा एकच माणूस होता आणि त्यानं म्हटलं तेव्हा मी त्याला फोन करू नका म्हणून सांगितलं.

तू स्वतःला बोल लावू नकोस असं मी लिहिणार नाही. मला ते स्वतःला सांगता येत नाही, तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू त्यांचा खर्च वाचवायला गेलीस, कारण त्यांना मला आणखी ऐकायचं होतं. एवढं मात्र मला माहीत आहे.

परवा निघतो. बाबांचा मोबाईल इथंच राहील. त्यात आणि माझ्यात एकच ॲप टाकून दिलं आहे, तू सांगितलंस तसं, नेटवरचं नेटवर. प्राजक्ता शाळेत जाताना मी फोन लावीन, ती उचलून खाटेवर ठेवून जाईल. बोलायचं काही नाही, पैसेही पडत नाहीत. मिस्त्री आला होता, प्राजक्तानं त्याला पंखा दुरुस्त करायला बोलावलं होतं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

तुझ्या गुडघ्यांची काळजी घे. आता मला रागवायला मोठं माणूस तू एकटीच उरलीस, तेव्हा लिहीत राहा, आणि हाक मारायचीच असेल तर माझं नाव नको, बाबांनी दिलेलीच हाक मार.

तुझा,
ललित